मालवणातली घरगुती खानावळ: मेनूकार्ड मिटा, फळा वाचा

मालवण शहरातून तारकर्लीमार्गे देवबागच्या टोकाला जाणारा रस्ता साधारण बारा किलोमीटरचा. तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली खाडी आणि मधे माडांच्या सावलीत थोड्या थोड्या अंतरावर पाटी: ‘घरगुती जेवण मिळेल’. पडवीत चार-सहा टेबलं, मागे घरचंच स्वयंपाकघर, वाढायला घरातलीच माणसं. यातल्या कित्येक घरांत सरकारी न्याहारी-निवास योजनेतल्या खोल्याही असतात. या परीक्षणात एकाच खानावळीवर शिक्का मारलेला नाही. थाळीचा साचा सगळीकडे सारखाच असतो आणि चांगली-वाईट ठरते ती त्याच पाच-सहा जागांवर. त्या जागा माहीत असल्या की कुठल्याही पडवीत बसून दहा मिनिटांत अंदाज येतो.

निकाल आधीच सांगतो. दिवसाच्या मासळीवर चालणारी खानावळ असेल तर तिच्या तोडीचं मासळीचं जेवण महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळतं. फ्रीझरवर चालणारी असेल तर त्याच पैशांत मुंबईच्या कुठल्याही हॉटेलातलं जेवण मिळतं, वर उन्हातला प्रवास पदरात.

दारात आधी फळा शोधा. लॅमिनेट केलेल्या मेनूकार्डावर सुरमई, पापलेट, कोळंबी, खेकडा, लॉबस्टर असं सगळं बारा महिने छापलेलं असतं. ते खोटं असतंच असं नाही, पण त्यावरून आजचं काहीच कळत नाही. खडूने लिहिलेल्या फळ्यावर दोन-तीनच नावं असतील आणि त्यातलं एखादं पुसलेलं असेल, तर ती खानावळ बंदरावरच्या लिलावावर चालते असं समजावं. फळा नसेल तर विचारायचं: ‘काकी, आज काय गावला?’ उत्तर एका माशाच्या नावाने आलं तर बसा. ‘सगळा हा, तुम्ही सांगा’ असं आलं तर मासळी कालची, परवाची किंवा त्याहून जुनी आहे. समुद्र एकाच दिवशी सगळं देत नाही.

किनाऱ्याचं पंचांग थोडक्यात असं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या पुन्हा उतरतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कोळंबी आणि पापलेट चांगलं येतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हे बांगडा, तारली आणि पेडव्यांचे महिने. पावसाळ्यानंतर ही मासळी चरबीने भरलेली असते आणि थाळीचा सगळ्यात चांगला काळ हाच. सुरमई, जिला इथे इसवण म्हणतात, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत भरवशाची. मार्चनंतर किनाऱ्याजवळची मासळी रोडावते आणि मे महिन्यात, म्हणजे पर्यटक सगळ्यात जास्त असताना, मासळी सगळ्यात कमी असते. फ्रीझर खरा राबतो तो तेव्हाच. मे महिन्यात मालवणला जाऊन ‘पूर्वीसारखी चव राहिली नाही’ म्हणणाऱ्यांनी आपण महिना चुकलो, हे आधी तपासावं. नाताळ ते नवीन वर्षाची गर्दी आणि आंगणेवाडीच्या जत्रेचे दिवस यांनाही हीच अडचण, पण तेव्हा निदान समुद्रात मासा असतो.

थाळी तीच असते. तळलेली तुकडी, त्याच माशाचं किंवा दुसऱ्या माशाचं सार, कधी सुकं, एक भाजी किंवा उसळ, भाकरी, चपाती किंवा वडे, भात, सोलकढी, लोणचं, चिरलेला कांदा. भात आणि सार मागाल तेवढं, तुकडी मोजून.

बांगड्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक ठिकाणी तीच सगळ्यात स्वस्त थाळी असते आणि स्वयंपाकघराची खरी परीक्षाही तिच्यातच होते. सुरमई बिघडवायला थोडी मेहनत लागते. बांगडा तासाभराच्या निष्काळजीपणानेही बिघडतो. तेलकट मासा, कातडी पातळ, शिवाय बर्फाशिवाय ठेवला तर त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाताना जिभेवर मिरीसारखी चुणचुण जाणवली, ओठांभोवती झिणझिण्या आल्या, तर मसाल्याला दोष न देता ताट बाजूला सारावं. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं ही पुढची लक्षणं, आणि त्रास वाढला तर डॉक्टरकडे जावं. तारली, कुपा आणि सुरमई यांनाही हाच नियम लागू. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतका बर्फ टोपलीत हवा. एवढा बर्फ न वापरणाऱ्या घराने बांगडा वाढूच नये.

रापणीची मासळी मिळाली तर भाग्य समजा. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळं टाकून त्याची दोन्ही टोकं माणसं किनाऱ्यावरून ओढतात, ती रापण. त्यात येणारा बांगडा, पेडवे, तारली वाळूवरून थेट टोपलीत आणि टोपलीतून स्वयंपाकघरात जातात. मधे ट्रक नाही की शीतगृह नाही. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर दुपारी कुठे जेवायचं ते तिथल्याच रापणकरांना विचारावं, मासळी कुठल्या घरी गेली ते त्यांना ठाऊक असतं.

बांगड्याचं तिखलं हा या थाळीतला आमच्या मते सगळ्यात मोठा पदार्थ. दाट, अंगाबरोबरचं, खोबरं बेताचं. तीन-चार मध्यम बांगड्यांना आठ-दहा भिजवलेल्या बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद, पाव ते अर्धी वाटी ओलं खोबरं यांचं गुळगुळीत वाटण लागतं. आंबटपणा अमसुलांचा किंवा चिंचेचा आणि आठ-दहा तिरफळं. तिरफळाची खूबी सालीत असते. आतली काळी बी काढून टाकायची, साल फक्त ठेचायची. वाटणात घालून बारीक वाटली की सार कडवट होतं आणि जीभ बधिर होते, हा बाहेरच्या हॉटेलांत हमखास होणारा घोटाळा. दुसरा घोटाळा तिरफळाबरोबर आलं-लसणाचा मारा करण्याचा. दोन्ही वास एकमेकांना खातात. तिसरा, पापलेटाच्या सारात तिरफळ. तिरफळ बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट, उग्र माशांसाठी आहे. पापलेटासारख्या सौम्य माशात ते घातलं की तिरफळ उरतं आणि पापलेट हरवतं. वाटण आधी चांगलं उकळायचं, मग मासे सोडायचे आणि मंद आचेवर सहा-सात मिनिटं. डाव घालून ढवळलं की बांगडा तुटतो, म्हणून टोप दोन्ही कानांना धरून हलवायचा. पानात आलेला बांगडा पाठीपासून पोटापर्यंत अखंड असेल तर आत कोणीतरी जाणतं माणूस आहे.

बांगड्याची उडीद-मेथी फळ्यावर दिसली तर ती घ्या. फोडणीत चमचाभर उडीदडाळ आणि पाव चमचा मेथीदाणे, बस्स. मेथी तांबूस होण्याआधी उतरवावी लागते; पाच सेकंद उशीर झाला तरी सगळं सार कडू होतं. गर्दीच्या दिवशी हा पदार्थ टाळलेला बरा, कारण फोडणीकडे बघायला कोणाला वेळ नसतो.

सार ताजं आहे की सकाळपासून उकळतंय, हे वाटीत पाहूनच कळतं. ताज्या साराचा रंग एकसंध, वर तेलाची अगदी बारीक चकाकी. पुन्हा पुन्हा तापवलेल्या साराच्या वर तेलाची मोठी वर्तुळं तरंगतात, खाली खोबरं रवाळ बसतं आणि घशात खवटपणा जाणवतो. अडीच वाजल्यानंतर ही तक्रार जवळजवळ सगळीकडे ऐकायला मिळते. त्यात स्वयंपाकाचा दोष फार नसतो, वेळेचा असतो. साडेबारा ते दीड ही जेवायची वेळ.

तळलेल्या तुकडीबद्दल. सुरमईची तुकडी बोटाच्या जाडीची हवी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर. हळद, मीठ, मसाला, आलं-लसणाचं वाटण आणि थोडं आगळ, म्हणजे अमसुलाच्या फळाचा खारवलेला रस, लावून १५-२० मिनिटं पुरे. आंबटात तासभर ठेवली तर मांस पिठूळ होतं. वरून तांदळाचं पीठ आणि बारीक रवा यांचा पातळ थर, बिडाच्या तव्यावर बेताच्या तेलात प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं. रव्याचा कवचासारखा जाड थर असेल तर त्याखाली काहीतरी लपवलेलं असतं. थर सोलून पाहावा: ताज्या सुरमईचं मांस ओलसर असतं आणि पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं. गोठवून वितळवलेली तुकडी खडूसारखी कोरडी, दाताखाली सुतासारखी लागते आणि कडेला पांढरं पाणी सुटलेलं दिसतं. ताजी असतानाच गोठवलेली सुरमई खाण्याने कोणाला काही होत नाही, पण ताज्याचा भाव तिला देऊ नये.

पापलेटाचा भाव बहुतेक ठिकाणी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेला असतो. इथेच बिलावरून वाद होतात. मासा तव्यावर जाण्याआधी दाखवायला सांगावा आणि भाव तेव्हाच विचारावा. यात कोणालाही राग येत नाही. राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे अर्ध्या वितेहून थोडा जास्त. ताटात त्याहून लहान, बशीत मावणारी दोन पिल्लं ‘पापलेट थाळी’ म्हणून आली तर परत पाठवावीत. चवीलाही त्यांत काही नसतं, नुसते काटे.

देवबागच्या बाजूला खाडीची मासळी मागून बघावी. काळुंदर, चणक, तांबोशी यांची नावं कार्डावर क्वचित असतात, कारण पर्यटक ती मागत नाहीत. घरचे लोक मात्र तीच आवडीने खातात. चणकाचं मांस घट्ट आणि गोडसर, तळण्यापेक्षा सारात खुलतं. मुडदुशे मिळाले तर तळूनच घ्यावेत. मऊ मासा, मधला काटा एका ओढीत निघतो, लहान मुलांना द्यायला याच्यासारखा मासा नाही.

तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, गणित तिथीवर असतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोल जाते, खाडीतली वाळू जास्त उघडी पडते आणि तिसऱ्या जास्त मिळतात. अष्टमी-नवमीच्या सुमारास त्या फळ्यावर दिसल्या तर कधी आणल्या ते विचारावं. तिसऱ्यांच्या सुक्याबद्दल सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: दाताखाली वाळू. कारणही एकच, घाई. मिठाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवल्या की त्या वाळू सोडतात, मग दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या. शिंपला उघडताना निघणारं पाणी फडक्यातून गाळून सुक्यातच घालायचं. ते फेकून साधं पाणी घातलं तर सुकं बेचव लागतं. शिजवण्याआधी उघड्या असलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या, तसंच शिजल्यावरही न उघडलेल्या तिसऱ्या टाकून द्यायच्या. ताटात बंद शिंपला आला तर तो उघडायच्या भानगडीत पडू नका.

कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आयत्या वेळी मागू नयेत. जिवंत कुर्ली साफ करणं, नांग्या ठेचणं, बारीक पाय वाटून त्याचा रस गाळून सारात घालणं, यात पाऊण तास सहज जातो. हा रस घातला नाही तर कुर्लीचं सार म्हणजे नुसतं मसाल्याचं पाणी. निवडताना आकार पाहू नका, हातात घेऊन वजन पाहा. कात टाकून नुकतीच मोठी झालेली कुर्ली दिसायला दांडगी असते पण आत पोकळ. कवच कडक आणि हाताला जड लागली तरच घ्या.

आता सोलकढी. थाळीचं सगळं पितळ इथे उघडं पडतं, म्हणून पेला आधी मागून घ्यावा. एका मध्यम नारळाचं खोवलेलं खोबरं, तीन-चार लसणीच्या पाकळ्या, एक-दोन हिरव्या मिरच्या, वाटीभर कोमट पाणी. वाटून फडक्यातून पिळायचं, चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा आणि तिसरा रस. एकूण तीन वाट्या रस निघतो. दहा-बारा अमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची, ते पाणी रसात गाळायचं, मीठ, कोथिंबीर. चार-पाच लहान पेले होतात, जास्त नाही. पाणी उकळतं घेतलं तर नारळाचा स्निग्धांश सुटून वर तरंगतो आणि कढी तेलकट लागते. गार घेतलं तर रस नीट निघत नाही.

घाईत असलेली खानावळ अमसुलाऐवजी आगळ वापरते. त्यात गैर काही नाही, फक्त आगळात मीठ भरपूर असतं हे विसरून वर पुन्हा मीठ घालतात आणि कढी खारट होते. खरी लबाडी असते ती पावडरच्या नारळरसाची आणि रंगाची. अमसुलाचा रंग आंबटात लालभडक असतो, नारळाच्या रसात मिसळला की फिकट जांभळट-गुलाबी होतो. सरबतासारखा चमकदार गुलाबी पेला आला तर त्यात बीट किंवा खायचा रंग आहे. उलट मळकट तपकिरी कढी म्हणजे जुनी, काळी पडलेली अमसुलं. दुसरी चाचणी वेळेची. पेला वीस मिनिटं न हलवता ठेवायचा. ताज्या नारळाची कढी दुभागते: वर दाट पांढरट थर, खाली पातळ गुलाबी पाणी, चमच्याने हलवली की पुन्हा एक होते. पावडरमध्ये रस एकजीव राहावा म्हणून घटक घातलेले असतात, त्यामुळे तो पेला तासाभरानेही होता तसाच. दुभागलेली कढी पाहून ‘नासलीय’ म्हणून परत पाठवणारे पर्यटक दर हंगामात असतात. त्यांच्यामुळेच काही घरं पावडरकडे वळली, असंही म्हणता येईल.

सोलकढी तापवत नाहीत, आणि ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवत नाहीत. आंबट लागून भांड्याचा कस कढीत उतरतो. स्टीलचं पातेलं, काच किंवा माती चालते. सकाळी केलेली कढी संध्याकाळी आंबूस आणि खवट होते. रात्रीच्या जेवणाला ताजी केली आहे का, हे विचारायला लाजू नये. नारळाविना, नुसत्या अमसुलाच्या पाण्याची ती फुटी कढी. जड जेवणानंतर तीही छान लागते, पण सोलकढीच्या भावाने तिला बिलात लावू नये.

पेला थाळीबरोबर येतो म्हणून बरेच जण तो जेवणाआधीच संपवतात. इथली पद्धत अशी: पहिला भात साराबरोबर, शेवटचा भात कढीबरोबर. भात उकड्या तांदळाचा असेल तर उत्तम. जाडा, लालसर, सार धरून ठेवणारा. बऱ्याच खानावळी पर्यटकांसाठी लांब पांढरा तांदूळ करतात आणि उकडा घरच्यांसाठी वेगळा शिजवतात. मागितला तर आनंदाने वाढतात.

शाकाहारी थाळीला इथे दुय्यम समजायचं कारण नाही, मात्र तिचा हंगाम मासळीच्या अगदी उलट आहे. मासे कमी झाले की भाज्या सुरू होतात. फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूगरांची उसळ. एकेक बी हाताने कापून गर काढावा लागतो आणि सालीतल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून ही उसळ महाग. हंगामाबाहेर सुके काजू भिजवून तीच उसळ वाढतात. ओला गर दाताखाली मऊ आणि दुधाळ गोड लागतो, भिजवलेला कणीदार असतो आणि दोन फाकांत तुटतो. मार्च-एप्रिलमध्ये कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, मे महिन्यात रायवळ आंब्यांचं सासव. मोहरी वाटून घातलेल्या या सासवात गूळ जास्त झाला तर ते शिकरण होतं. मोहरी नाकात चढायला हवी.

जूनच्या पहिल्या सरींनंतर टाकळा येतो. त्याचे दोन-तीन आठवडेच कामाचे. पानं जून झाली की कडवट आणि चरबरीत. कोवळा टाकळा, कांदा, ओलं खोबरं आणि साठवलेल्या फणसाच्या आठळ्या, एवढ्यावर भाजी होते. फोडशी, कुड्याच्या शेंगा, भारंगी, बांबूचे कोंब हेही याच काळात. अळूचं फतफतं घसा खाजवत असेल तर आंबट कमी पडलंय किंवा शिजायला वेळ दिलेला नाही. अमसूल किंवा बिंबलं घालून पूर्ण शिजवलेलं अळू खाजत नाही. या भाज्या कार्डावर कधीच नसतात. आदल्या दिवशी फोन करून ‘रानातली भाजी करा’ असं सांगावं लागतं. सांगितलं नाही तर फ्लॉवर-बटाटा येतो आणि तो सगळीकडे सारखाच वाईट असतो. काळ्या वाटाण्याची उसळ मात्र बारमाही आणि भरवशाची. दहा-बारा तास भिजलेला वाटाणा, कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटप, सोबत सकाळी आंबोळी किंवा घावणे. न्याहारीला दुसरं काही मागू नये.

कोंबडी-वड्यांवर फार शब्द खर्च करत नाही. गावठी कोंबडी सांगून ब्रॉयलर वाढणं हा प्रकार सर्रास आहे. गावठी शिजायला तासाहून जास्त लागतो, तेव्हा वीस मिनिटांत आलेली कोंबडी गावठी नव्हे. वड्यांचं पीठ तांदूळ, उडीद, थोडी चणाडाळ, मेथी आणि धण्यांचं. चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद हे ठीक प्रमाण. कोमट पाण्यात मळून तीन-चार तास झाकून ठेवावं लागतं. वडा कडक लागला तर पीठ मुरलेलं नाही, तेल प्यायलेला असेल तर तेल तापलेलं नव्हतं.

मसाल्याबद्दल एक गोष्ट विचारण्यासारखी आहे: घरचा की बाजारचा? घरचा मसाला एप्रिल-मेच्या उन्हात करतात. मिरच्या वाळवून, धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, जायपत्री वगैरे एकेक वेगळं भाजून मग कांडून आणतात. सगळं एकत्र भाजलं तर धणे कच्चे राहतात आणि जायपत्री करपते. चांगल्या मालवणी मसाल्यात तिखटाआधी बडीशेप आणि दगडफुलाचा वास येतो. सगळ्या वाट्यांतलं सगळं एकाच लाल रंगाचं आणि एकाच चवीचं असेल तर एकच पाकीट सगळीकडे ओतलं आहे. माशाचं सार कच्च्या ओल्या खोबऱ्याचं, कोंबडीचा रस्सा भाजलेल्या वाटपाचा. या दोन वाट्या डोळे मिटूनही वेगळ्या कळायला हव्यात.

व्यवहाराच्या गोष्टी. सकाळी नऊ-दहापर्यंत फोन करून माणसं किती आणि काय खाणार ते सांगितलं तर बाजारहाट तुमच्या हिशोबाने होतो. न सांगता दुपारी दोनला सहा जण पोचलात तर फ्रीझर उघडणारच, मग तक्रार करू नये. थाळी यायला अर्धा तास लागला तर ते चांगलं लक्षण आहे, पाच मिनिटांत आली तर तुकड्या आधीच तळून ठेवलेल्या आहेत. रोख पैसे जवळ असू द्या, देवबागच्या टोकाला मोबाइलचं नेटवर्क रुसतं. गणपतीत बहुतेक घरगुती खानावळी बंद असतात. घरात गणपती असताना पडवीत परक्यांना मासे वाढणार कोण? श्रावणातही काही घरं मासळी करत नाहीत, विचारून जावं.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी शेवटचं. जूनमध्ये काही ठिकाणी चढणीचे मासे मिळतात, म्हणजे पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला ओढ्या-शेतांत चढणारी मासळी. चव चांगली असते, तरी आम्ही ती मागत नाही; पोटात अंडी असलेला मासा मारला की पुढच्या वर्षीचा ओढा रिकामा. आणि १ जून ते ३१ जुलै या काळात फळ्यावर ताजी सुरमई लिहिलेली दिसली, तर उठून जायची गरज नाही. उकडा भात, कुळथाची पिठी, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि टाकळ्याची भाजी मागा. सोबत सुक्या जवळ्याची किसमूर असेल तर ओलं खोबरं, कांदा आणि अमसुलाचं पाणी अगदी वाढतानाच कालवायला सांगा, नाहीतर जवळा मऊ पडतो.